हरलेला गुप्तहेर : 'द लाँग हॅलोवीन' पुन्हा पुन्हा का वाचावीशी वाटते?

शाईचा डाग

जेफ लोब यांनी लिहिलेली आणि टिम सेल यांनी चितारलेली 'बॅटमॅन : द लाँग हॅलोवीन' ही ग्राफिक कादंबरी मी नुकतीच चौथ्यांदा वाचून संपवली. खुनी कोण, हे पहिल्याच वाचनात कळले होते (किंवा कळले असे वाटले होते, त्याविषयी पुढे लिहितोच), तरीही पुस्तक खाली ठेववेना. रहस्यकथा एकदा उलगडली की सहसा कपाटात जाऊन बसते. ही बसत नाही. असे का होत असावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे. पुढे भरपूर रहस्यभेद आहे, त्यामुळे ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी इथूनच परतलेले बरे.

वाचून बराच काळ लोटलेल्यांसाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. ही कथा १९९६-९७ मध्ये तेरा अंकांत क्रमशः आली. गॉथम शहरावर कार्माइन फाल्कोनी ऊर्फ 'द रोमन' याच्या टोळीची हुकमत आहे. पोलीस कॅप्टन जिम गॉर्डन, सरकारी वकील हार्वी डेंट आणि बॅटमॅन हे तिघे गच्चीवर भेटतात आणि रोमनला खाली खेचण्याचे ठरवतात. त्यासाठी नियम वाकवले तरी चालतील, मात्र मोडायचे नाहीत, एवढाच त्यांच्यातला करार. मग हॅलोवीनच्या रात्री रोमनचा भाचा जॉनी विटी आंघोळीच्या टबात मारला जातो, आणि तिथून पुढे वर्षभर, महिन्यागणिक येणाऱ्या सणावारांना रोमनच्या किंवा त्याच्या प्रतिस्पर्धी मरोनीच्या गोटातली माणसे मरत जातात. प्रत्येक ठिकाणी पॉइंट बावीस कॅलिबरचे पिस्तूल आणि त्या सणाची एखादी वस्तू मागे ठेवलेली सापडते. वृत्तपत्रे खुन्याला 'हॉलिडे' असे नाव देतात.

आता माझे म्हणणे. बॅटमॅन १९३९ साली ज्या मासिकातून प्रथम आला त्याच्या नावातच 'डिटेक्टिव्ह' हा शब्द होता, आणि जगातला सर्वश्रेष्ठ गुप्तहेर हे बिरुद त्याला पुढे कायमचे चिकटले. या पुस्तकात मात्र तो गुप्तहेर सपशेल हरतो. वर्षभर तो खुन्याच्या एक पाऊल मागेच असतो. मधल्या काळात पॉयझन आयव्ही या खलनायिकेच्या अमलाखाली ब्रूस वेन (म्हणजे मुखवट्याआडचा बॅटमॅन) इतके दिवस भ्रमिष्टासारखा पडून राहतो की त्या अवधीत झालेल्या खुनांच्या वेळी बॅटमॅन शहरात असून नसल्यासारखाच असतो. शेवटी जो हाती लागतो तो रोमनचा मुलगा अल्बर्टो. तो सगळ्या खुनांची कबुली देतो आणि प्रकरण मिटते. त्यानंतरच्या अगदी अखेरच्या पानांवर हार्वीची पत्नी गिल्डा घर आवरता आवरता तळघरात काही कपडे जाळते, आणि पहिले तीन खून आपण केले होते, पुढचे हार्वीने केले असावेत, असे स्वतःशीच बोलून जाते. ते ऐकायला तिथे आपण वाचक सोडून कोणीही नसते. गुप्तहेराला जे कधीच कळणार नाही ते आपल्याला ठाऊक झालेले असते आणि ते त्याला सांगण्याची काही सोय नसते. मला वाटते, पुस्तक मिटल्यावरही जी अस्वस्थता उरते तिचे मूळ इथे आहे.

रात्रपाळी

धागा उत्तम आहे. पण मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. तुम्ही ज्याला गुप्तहेराची हार म्हणता ती मला लेखकाची पळवाट वाटते. रहस्यकथेत वाचक आणि लेखक यांच्यात एक न लिहिलेला करार असतो : दुवे सगळे समोर ठेवायचे, लपवायचे ते डोळ्यांदेखत लपवायचे, आणि शेवटी मागे वळून पाहिले की 'अरेच्चा, हे तर इथेच होते' असे वाटले पाहिजे. अल्बर्टो नववर्षाच्या रात्री गोळी लागून पाण्यात पडतो, सगळे त्याला मेला असे धरून चालतात, आणि आठ-नऊ महिन्यांनी तो धडधाकट उगवतो. रहस्यकथेतली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त चलाखी आहे. त्यावर पुन्हा गिल्डाचे स्वगत येते. म्हणजे एक उत्तर दिले, ते पुसले, दुसरे दिले, आणि तेही नक्की आहे की नाही ते सांगितले नाही. एका रहस्याला तीन संशयित खुनी देऊन मोकळे होणे ही संदिग्धता नव्हे, तो निर्णय टाळणे झाले.

दुसरी तक्रार खलनायकांच्या जत्रेची. जोकर, रिडलर, स्केअरक्रो, मॅड हॅटर, आयव्ही, ग्रंडी, कॅलेंडर मॅन असे एकेक जण येतात, आपापला खेळ करतात आणि जातात. यांतल्या निम्म्यांना काढले तरी खुनाच्या तपासात तसूभरही फरक पडणार नाही. तेरा अंक भरायचे होते, म्हणून भरले, असे वाटत राहते.

तिसरी चौकट

रात्रपाळी, खलनायकांबद्दल मी एरवी मान डोलावली असती, पण ग्रंडीला त्या यादीतून वगळा अशी विनंती आहे. थँक्सगिव्हिंगच्या अंकात बॅटमॅन संशयितांच्या मागावर गटारात उतरतो आणि तिथे या अजस्र, अर्धमृत, एक बालगीत तेवढे पुटपुटणाऱ्या प्राण्याशी त्याची गाठ पडते. हाणामारी होते, ती व्हायचीच. पण तो अंक संपतो तो बॅटमॅन पुन्हा त्याच गटारात जाऊन ग्रंडीसाठी सणाचे जेवण ठेवून येतो तिथे. कोणी आभार मानत नाही, कोणाला ते कळतही नाही. तपासाला त्याचा काडीचा उपयोग नाही हे मान्य. पुढे आम्लाने चेहरा जळालेला हार्वी लपायला जागा शोधतो तेव्हा त्याला आसरा मिळतो तो त्याच गटारात, त्याच ग्रंडीच्या सोबतीने. बॅटमॅनने ज्याला जेवण पोहोचवले त्याच्या शेजारी त्याचा मित्र राहू लागतो आणि बॅटमॅन त्याला वर सगळ्या शहरात शोधत असतो. हे केवळ पाने भरण्यासाठी केले असेल असे मला वाटत नाही.

मला खरे म्हणजे चित्रांविषयी लिहायचे आहे, कारण या पुस्तकाचे निम्म्याहून अधिक काम टिम सेल यांनी केले आहे आणि चर्चा नेहमी कथेचीच होते. सेल यांना रंगांधत्व होते. ते पानाचा विचार काळा, पांढरा आणि मधले करडे एवढ्यातच करीत, आणि रंग भरण्याचे काम या पुस्तकात ग्रेगरी राइट यांनी केले आहे. ही मर्यादा इथे शैली होऊन बसली आहे. कुठलेही पान उलगडून जरा दूर धरून पाहा : आधी डोळ्यांत भरतो तो काळा. माणसे त्या काळ्यातून कोरून काढल्यासारखी दिसतात. बॅटमॅनच्या अंगरख्याला कित्येकदा कडाच नसते. तो कुठे संपतो आणि रात्र कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. ज्या पानांवर खून होतो तिथे रंग जवळजवळ नाहीसे होतात, आणि सणाची वस्तू तेवढी रंगीत उरते. त्यामुळे सणाची एरवीची उबदार वस्तू पुढच्या वेळी दिसली की वाचकच दचकतो. कुठलेही निवेदन न वापरता वाचकाला अशी सवय लावणे हे चित्रकाराचे कसब आहे.

एका पानावर चौकटीही फार थोड्या असतात. कधी चार, कधी तीन, आणि मधूनच सबंध दोन पाने मिळून एकच चित्र. संवादफुगेही मोजके. म्हणून साडेतीनशेहून अधिक पानांचे हे पुस्तक एका बैठकीत संपते, आणि संपल्यावर आपण फार भरभर वाचले अशी रुखरुख लागते. पुन्हा वाचावेसे वाटण्याचे एक साधे कारण हेही असू शकेल.

उशिरा आलेला

मी या प्रांतात नवा आहे. इथली चर्चा वाचून पुस्तक घ्यावेसे वाटते आहे (रहस्यभेद वाचून झाला आहे, त्याला आता इलाज नाही). हे वाचण्याआधी आणखी काही वाचायला हवे का? बॅटमॅनची मला असलेली माहिती सगळी चित्रपटांतली आहे.

तिसरी चौकट

एकच वाचा : फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांची १९८७ ची 'इयर वन'. ती छोटी आहे, मूळ चार अंकांची. फाल्कोनी, त्याच्या चेहऱ्यावरचे ओरखडे आणि गॉर्डनशी बॅटमॅनची मैत्री हे सारे तिथून आलेले आहे. 'द लाँग हॅलोवीन' हा एका परीने तिचाच पुढचा भाग मानता येईल. चित्रपट पाहिले असतील तर काही प्रसंग ओळखीचे वाटतील, कारण गच्चीवरची तिघांची युती आणि हार्वीचे अधःपतन यांचे ऋण २००८ च्या 'द डार्क नाइट'वर उघड दिसते.

शाईचा डाग

रात्रपाळी यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे आहे आणि ते थोडे लांबेल.

न लिहिलेल्या कराराचा तुमचा मुद्दा निव्वळ कोड्यासारख्या रहस्यकथेला तंतोतंत लागू पडतो. अल्बर्टोचे पुनरागमन स्वस्त आहे हेही मला कबूल आहे. त्या जागी माझाही दर वेळी विरस होतो. पण या पुस्तकात तपासाची जी गोष्ट आहे ती 'खून कोणी केला' यापेक्षा 'आपल्या माणसावर संशय कधी घ्यायचा' या प्रश्नाभोवती फिरते, असे मला वाटते. बॅटमॅन आणि गॉर्डन यांच्या मनात हार्वीविषयी शंका बरीच आधी डोकावते. ती दोघेही बोलून दाखवतात आणि लगेच झटकूनही टाकतात. गुप्तहेर म्हणून जे करायला हवे ते मित्र म्हणून त्यांच्याच्याने होत नाही. पुढे मरोनी भर न्यायालयात, साक्षीला उभा असताना, औषधाच्या बहाण्याने जवळ ठेवलेले आम्ल हार्वीच्या तोंडावर फेकतो. आपण तो प्रसंग पाहतो तेव्हा यातून टू-फेस, म्हणजे अर्धा चेहरा जळालेला खलनायक हार्वी, जन्मणार हे आपल्याला आधीपासून माहीत असते. हार्वी डेंटची कथा ज्याला जरा जरी ठाऊक आहे अशा प्रत्येक वाचकाला ते पहिल्या पानापासून माहीत असते. म्हणजे रहस्य एका बाजूला आणि अटळ शोकांतिका दुसऱ्या बाजूला, अशा दोन कथा एकाच वेळी चालू आहेत. पहिलीत आपण बॅटमॅनइतकेच अंधारात, आणि दुसरीत सगळे दिसत असून हात बांधलेले.

याला जोडून आणखी एक गोष्ट. रोमनच्या घराण्याशी वेन घराण्याचा जुना धागा या पुस्तकात उघड होतो. बालपणी ब्रूसने जिन्यावरून पाहिलेले असते की आपले वडील, थॉमस वेन, गोळी लागलेल्या तरुण कार्माइनवर घरातच शस्त्रक्रिया करून त्याचा जीव वाचवत आहेत. डॉक्टर म्हणून थॉमस यांनी जे केले त्यात काही वावगे नव्हते. पण त्यांनी वाचवलेला माणूस पुढे सगळ्या शहराला पोखरून काढतो, आणि मुलगा आयुष्यभर त्या शहराची डागडुजी करत फिरतो. त्या रात्री वडिलांनी हात आखडता घेतला असता तर, हा प्रश्न ब्रूसला सोडत नाही आणि त्याचे उत्तर त्याला कोणत्याही पुराव्यातून मिळणार नसते. हा प्रसंग कळल्यावर खुनी कोण याची माझी उत्सुकता, खरे सांगतो, अर्ध्यावर आली होती. शहर असे का झाले, याचा तपास अधिक मोठा वाटू लागला, आणि त्या तपासात बॅटमॅन स्वतःच्या घरापर्यंत येऊन थांबतो.

रात्रपाळी

हा प्रसंग मी विसरलो होतो, आणि तो तुमच्या बाजूने वजनदार पुरावा आहे हे मान्य करतो. आम्लाचा प्रसंगही चांगला उतरला आहे. अल्बर्टोवर मात्र मी ठाम आहे.

कोरा कागद

थोडा वेगळा सूर लावते. 'काळोखी' सुपरहिरो कथांविषयी बोलताना आपण काळोख आणि प्रगल्भता यांची सहज गल्लत करतो, असे मला नेहमी वाटते. अमेरिकन कॉमिक्सवर १९५४ पासून कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेचा, अंमल होता. गुन्हेगाराविषयी सहानुभूती नको, पोलीस आणि न्यायाधीश यांची प्रतिष्ठा राखा, शेवटी सत्याचाच जय दाखवा, असा तो कारभार. त्याची पकड सैल होत गेल्यावर, विशेषतः १९८६-८७ नंतर, भ्रष्ट पोलीस, टोळीयुद्धे आणि खचलेले नायक यांचा पूर आला. त्यांतली काही पुस्तके खरोखर थोर आहेत. पण पुष्कळ ठिकाणी पाऊस, सिगारेटचा धूर आणि रक्त यांपलीकडे काही नसते, आणि वाचकही तेवढ्यावर 'हे मोठ्यांसाठीचे आहे' म्हणून खूश होतो. 'द लाँग हॅलोवीन' त्या पुरात वाहून आलेली नाही हे मी मानते. गुन्हेगारी टोळ्यांच्या जागी हळूहळू मुखवटेवाले विक्षिप्त येत जातात, आणि बॅटमॅनच्या येण्यानेच तर हे घडत नाही ना, हा प्रश्न ती विचारते. कार्माइन फाल्कोनी हा जुन्या जगातला माणूस आहे. त्याला पैसा, घराणे, भीती आणि सूड कळतात. या विक्षिप्तांना भाडोत्री वापरायला तो लागतो आणि त्यांतल्याच एकाच्या, टू-फेसच्या, हातून मरतो. इथला काळोख मला सजावटीचा वाटत नाही, कारण त्याच्यामागे एका शहराचे होणारे स्थित्यंतर आहे.

माझी खरी तक्रार स्त्रीपात्रांची आहे. मांजराच्या वेषातली चोर कॅटवुमन आहे, पण ती का येते-जाते हे तिलाही धड ठाऊक नसावे. आणि गिल्डा? तेरा अंकांत ती बहुतेक वेळा दारात उभी आहे, रुग्णालयात आहे किंवा नवऱ्याची वाट पाहते आहे. अशा पात्राच्या तोंडी शेवटी एवढी मोठी कबुली घालायची, म्हणजे लेखकाला ऐन वेळी तिची आठवण झाली असे वाटते.

धुके

बराच वेळ नुसते वाचत होतो, पण गिल्डाचा विषय निघाला म्हणून लिहितो.

कोरा कागद, तुम्ही म्हणता ते पहिल्या वाचनात मलाही वाटले होते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मी ठरवून तिच्या मागे लागलो. जिथे जिथे ती दिसते ती पाने तेवढी काढून ओळीने पाहिली. ती बोलते थोडे, पण काय बोलते ते पाहा : आपल्याला मूल हवे, तुझे काम संपत नाही, हे प्रकरण एकदाचे मिटले की आपल्याला आपले आयुष्य मिळेल. हार्वी प्रत्येक वेळी 'लवकरच' म्हणतो आणि टाय सारखा करत निघून जातो. रोमन संपल्याशिवाय नवरा घरी येणार नाही, हा तिचा हिशेब अगदी सरळ आहे. आपण ती वाक्ये वाचतो आणि कंटाळलेल्या पत्नीचे नेहमीचे संवाद म्हणून पुढे सरकतो, कारण या प्रकारच्या कथांनी आपल्याला तशीच सवय लावलेली आहे. लेखकाने तिला लपवले आहे ते आपल्या त्या सवयीच्या मागे. तिचे पात्र अधिक भरघोस हवे होते हे मात्र मान्य. लपवणे आणि हात आखडणे यांतली रेघ इथे अगदीच पुसट आहे.

आता पिस्तुलाकडे या. प्रत्येक खुनात आवाज दाबण्यासाठी त्या पिस्तुलाच्या नळीवर एक वस्तू चढवलेली असते : लहान मुलाच्या दुधाच्या बाटलीचे रबरी बोंडले. पोलीस त्याची नोंद करतात, आपणही करतो, आणि गुन्हेगाराने केलेली स्वस्तातली युक्ती म्हणून विसरून जातो. खुनी पुरुष असावा, टोळीतला असावा, हत्यारांची माहिती असलेला असावा, याच दिशेने सगळा तपास जातो. मूल हवे असलेल्या घरात अशी बाटली येऊन पडलेली असू शकते, ती आशेने आणून ठेवलेली असू शकते, हे त्या गच्चीवरच्या तिघांपैकी एकाच्याही मनात येत नाही. आणि त्या तिघांतला एक तर त्याच घरात राहतो.

रात्रपाळी

धुके, हे मी पाहिलेच नव्हते. म्हणजे दुवा होता, आणि पहिल्या खुनापासून प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर धरलेला होता. कराराविषयीचे माझे विधान मी मागे घेतो, निदान पहिल्या तीन खुनांपुरते.

पण मग एक अडचण उभी राहते. पुढचे खून हार्वीने केले असतील, तर त्याने तेच बोंडले वापरले ते कशामुळे? पोलिसांच्या अहवालात ते वाचून, की घरात ते सापडले म्हणून? पहिले खरे असेल तर गिल्डाविषयी त्याला काहीच माहीत नव्हते. दुसरे खरे असेल तर त्याला नाताळपासूनच, म्हणजे तिसऱ्या खुनापासूनच, सगळे ठाऊक होते आणि त्याने तिला वाचवण्यासाठी तिचे काम आपल्या अंगावर घेतले.

शाईचा डाग

आणि तिसरी शक्यता अशी की अल्बर्टो खरे बोलत होता, पुढचे खून त्याचेच होते, आणि गिल्डाने नवऱ्यावर नाहक संशय घेतला. अखेरच्या पानांवर ती हार्वीवर आपला विश्वास असल्याचे म्हणते. त्या वाक्याचा अर्थ मी आजवर 'तो बरा होईल' असा घेत आलो होतो. आता वाटते, तिचा विश्वास आहे तो हार्वीने आपल्यासाठी खून केले यावर.

पुस्तक पुन्हा काढले आहे. नाताळचा आणि नववर्षाचा अंक सलग वाचतो, विशेषतः हार्वीच्या घरातल्या चौकटी, आणि तळघराची दारे कुठे उघडी दिसतात का ते पाहून इथे लिहितो.